बाबांनी वैशालीला नाही म्हटलं

मला कुणी विचारलं, तुम्ही भावंडं किती, तर मी अजूनही अडखळते. एकटीच म्हणावं तर खोटं वाटतं, आणि दोघी म्हणावं तर पुढचे प्रश्न येतात. बहीण कुठं असते, तिचं माहेरचं आडनाव वेगळं कसं, तुम्ही ख्रिस्ती आणि ती बौद्ध म्हणजे नेमकं काय. हुडकेश्वरला आमच्या इमारतीत नव्यानं राहायला आलेल्या बायका गच्चीवर पापड वाळत घालताना हे सगळं विचारतात आणि मी सांगायला लागले की त्यांच्या कपाळावर आठ्या पडत जातात. त्यांना मी दोष देत नाही. मी त्या घरात वाढले, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि माझ्याच मनात ते आजवर नीट बसलेलं नाही.

आमचं घर जरीपटक्याच्या बाजारामागच्या एका गल्लीत होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी आणि एक पेरूचं झाड. बाबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची आणि ते उकळेपर्यंत बाबांची सायकल दारात यायचीच. आल्याबरोबर ते मोरीवर जाऊन घासलेटाच्या फडक्यानं हात पुसायचे, मग साबणानं धुवायचे, तरी नखांत काळी रेघ राहायचीच. चर्चमध्ये त्यांच्या शेजारी बसलं की उदबत्तीच्या आणि मेणबत्तीच्या वासात हा तेलाचा वास मिसळलेला असायचा. पुढं कितीतरी वर्षं मला तो प्रार्थनेचाच वास वाटत असे.

बाबांचं नाव अंतोन. सगळी गल्ली त्यांना अंतोनभाऊ म्हणायची. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. एका बाजूला सिंधी दुकानदार, दुसऱ्या बाजूला बौद्धांची घरं आणि पलीकडे एक तेली कुटुंब. बाबा चहा घ्यायला बसायच्या आत ओट्यावर कुणी ना कुणी येऊन टेकलेलं असायचं. कुणाच्या नवऱ्याचं पिणं वाढलेलं, कुणाच्या पोराला शाळेत घेत नव्हते, कुणाच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं पण रिक्षावाला तयार नाही. चर्चमधली माणसंही यायची, कारण गरिबांसाठीचं तिथलं बरंचसं काम बाबांच्या गळ्यात पडलेलं होतं. पण खरं सांगायचं तर येणाऱ्यांत इतरच जास्त असत. बाबा फार बोलत नसत. ऐकून घ्यायचे, कप खाली ठेवायचे आणि पुन्हा सायकल काढायचे. आई दारातून म्हणायची, अहो, निदान एक घास खाऊन जा. तोवर ते गल्लीच्या वळणाशी पोचलेले असायचे.

रोज दिवे लागले की आमच्याकडे रोझरीची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना व्हायची. आई, मी आणि बाबा गुडघ्यांवर. प्रार्थना चालू असताना बाहेरून हाक आली तर बाबा ज्या मण्यावर असतील तो मणी बोटात तसाच धरून उठायचे आणि खुणेनं आम्हाला सांगायचे, चालू द्या. परत आले की आमचं जेवण उरकलेलं असायचं. मग ते एकटे गुडघे टेकून त्याच मण्यापासून पुढं म्हणायचे. मला वाटायचं, देव इतका वेळ त्या मण्यापाशी थांबून राहत असेल का? आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, आपण नाही का थांबत.

तरी बाबा घरातले नव्हते असं मुळीच नाही. रविवारी मटण तेच शिजवायचे. सकाळीच पाट्यावर खोबरं, खसखस आणि भाजलेला कांदा वाटायचे, आणि रस्सा उकळला की माझ्या तळहातावर थेंबभर टाकून विचारायचे, मीठ जमलं का? मी नाही म्हटलं तर चिमूटभर टाकायचे. खूप नंतर मला समजलं की मीठ ते आधीच बरोबर टाकत, आणि ती चिमूट माझ्या शब्दाखातर रिकाम्या बोटांची असे.

वैशालीची आई शांताबाई आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायची आणि बाजारात भाजी विकायची. नवरा वारलेला. माहेर भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात, पण भावाशी काहीतरी बिनसलेलं, त्यामुळे जाणं-येणं नव्हतं. एका पावसाळ्यात तिला कावीळ झाली. तिनं ती अंगावर काढली आणि डोळे हळदीसारखे झाल्यावर शेजारणीनं बाबांना हाक मारली. बाबांनी तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. ती तिथून परत आली नाही. शेवटच्या वेळी बाबाच तिच्याजवळ होते. तिची शुद्ध हरपलेली होती आणि ती काहीही बोलली नाही. ही गोष्ट बाबा पुढं कितीदा तरी सांगायचे, ‘ती काहीच बोलली नाही.’ लहानपणी मला वाटायचं, हे काय सांगायचं झालं? जे बोललंच नाही त्याचं इतकं काय?

विहारातली माणसं आणि बाबा यांनी मिळून अंत्यविधी केला. भावाला गावी निरोप पाठवला, त्याचं काही आलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी बाबा आले ते सायकलच्या पुढच्या दांडीवर वैशालीला बसवून. ती माझ्याच वयाची, हातात फ्रॉकचा बोंगा धरलेला, आणि काखेत कापडात गुंडाळलेली प्लास्टरची बुद्धाची लहानशी मूर्ती. बाबा आईला म्हणाले, ‘चार दिवस राहील. मामा आला की घेऊन जाईल.’ त्या दिवशी आमच्याकडे गोळाभात, म्हणजे डाळीचे गोळे घातलेला भात, होता. आईनं वैशालीच्या ताटात भात वाढला, वरून कढत तेल सोडलं, आणि ती जेवेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिली.

मामा आला नाही. चार दिवसांचे महिने झाले, वर्ष झालं. वैशाली माझ्याबरोबर माझ्या शाळेत जायला लागली, माझ्या गोधडीत झोपायला लागली, आणि आम्ही एकमेकींच्या वेण्या घालू लागलो. आणि इथून माझ्या डोक्यातला गोंधळ सुरू झाला. रविवारी आम्ही पहिल्या मिस्सेला, चर्चमधल्या सकाळच्या उपासनेला, जाऊन यायचो तोवर वैशाली शेजारी तेलीणकाकूंकडे थांबायची. आल्यावर बाबा तिला सायकलवर घेऊन विहारात जायचे. सुरुवातीला ते बाहेर फाटकापाशी सायकल धरून उभे राहत. मग तिथल्या म्हाताऱ्यांनी त्यांना आत बोलावलं, तेव्हापासून ते मागच्या सतरंजीवर हात जोडून बसत. घरी आम्ही रोझरीला गुडघे टेकले की वैशाली कोपऱ्यातल्या मूर्तीपुढं बसून त्रिशरण आणि पंचशील म्हणायची. ती कुठं अडली तर बाबा आमची प्रार्थना थांबवून तिला पुढचा शब्द सांगायचे. त्यांना ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. मी आईला विचारलं, आपलं खरं कोणतं? आई म्हणाली, आपलं आपलं खरं. मग तिचं? तिचं तिचं. मग बाबांना दोन्ही कसं येतं? आई उठून चुलीकडे गेली. दसऱ्याला बाबांनी आम्हा दोघींना दीक्षाभूमीवर नेलं. तिथली ती पांढऱ्या कपड्यांतली अफाट गर्दी पाहून मी बाबांचं बोट घट्ट धरलं आणि विचारलं, यातले आपण कोण? बाबा हसले आणि म्हणाले, पाहुणे.

मग माझ्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचं, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचं, वर्ष आलं. त्यासाठी आधी बाप्तिस्मा झालेला लागतो, आणि माझा तो तान्हेपणीच झाला होता. धर्मशिक्षणाच्या वर्गाहून घरी आले की मी जे शिकले ते वैशालीला शिकवायची, आणि तिचं पाठांतर माझ्याहून चांगलं होतं. आई इतवारीच्या बाजारातून पांढरं कापड घेऊन आली. ते एका फ्रॉकला लागेल त्याहून जास्त होतं हे मलासुद्धा दिसलं. शेजारच्या शिलाई मशीनवर दोन फ्रॉक शिवून झाले तेव्हा बाबांनी विचारलं, दुसरा कोणाचा? वैशाली पुढं झाली आणि म्हणाली, ‘काका, मले बी बाप्तिस्मा घ्याचा हाये. हिच्यासंगं.’

बाबांनी त्या फ्रॉकची घडी घातली. मग म्हणाले, ‘नाही, बेटा.’

मी आयुष्यात पहिल्यांदाच बाबांना कुणाला नाही म्हणताना ऐकलं होतं. ओट्यावर येऊन बसणाऱ्या परक्या माणसाला ज्यांनी कधी नाही म्हटलं नाही, त्यांनी घरातल्या पोरीला नाही म्हटलं. तेही देवाच्या गोष्टीला. वर्गात आम्हाला शिकवलं होतं की बाप्तिस्म्यासारखं देणं नाही. मग ते देणं माझ्या बाबांनी अडवून का धरावं?

आई चिडली. आठवडाभर ती बाबांशी कामापुरतं बोलली. शेवटी तिनं फादरांना घरी बोलावलं. आमचे फादर मंगळूरकडचे, वयस्कर, मनानं फार मऊ. त्यांनी मराठी पुस्तकांतून शिकलेलं असल्यामुळे ते बोलायला लागले की आम्हाला हसू यायचं. त्या संध्याकाळी मात्र हसू आलं नाही. मी आणि वैशाली आतल्या खोलीत पडद्यामागं उभ्या होतो. फादर म्हणाले, ‘अंतोन, बालिका स्वतः मागत आहे. आपण तिला अडविणारे कोण?’

बाबा म्हणाले, ‘फादर, ते पोट्टी माह्या घरी जेवते, माह्या घरी झोपते. मी बस म्हटलं तर बसते, ऊठ म्हटलं तर उठते. तिले मले नाही म्हणताच येत नाही. मंग तिचं हो मी हो कसं समजू?’

फादरांनी बशीत चहा ओतला आणि तो तसाच राहू दिला. ते म्हणाले, प्रेमाने मागितले असेल तर? बाबा म्हणाले, प्रेमानंच मागते, त्याचीच तर भीती वाटते. तिची आई जाताना काही बोलली असती, हो म्हणाली असती, नाही म्हणाली असती, तर मला सोपं गेलं असतं. फादर रागावले नाहीत. मला तर वाटलं, आमच्यासारखेच तेही गोंधळले होते. मी प्रार्थना करीन, तुम्हीही करा, एवढं म्हणून ते उठले.

पडद्यामागून वैशालीनं काय ऐकलं आणि काय नाही, मला माहीत नाही. पण ती हळू आवाजात म्हणाली, ‘तुहे बाबा मले आपलं नाही समजत.’ त्यानंतर ती बाबांशी बोलेनाशी झाली. विहारात जायला सायकलवर मागं बसायची, पण त्यांच्या शर्टाला धरायची नाही, सीटच्या लोखंडाला धरायची. एकदा बाबा मोरीवर हात धूत असताना मी त्यांच्यामागं उभी राहिले आणि विचारलं, ‘तुम्ही तिले काहून नाही म्हणता?’ ते म्हणाले, मोठी झाली की समजेल. मग हात पुसत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, ‘मले तरी कुठं समजून राहिलं.’

आज मी बाबांच्या तेव्हाच्या वयापेक्षा किती तरी मोठी झाले आहे. ‘मोठी झाली की समजेल’ हे त्यांचं म्हणणं काही खरं झालं नाही. कधी वाटतं, इतका न्याय कुणी त्यांच्याकडे मागितला होता? लेकरू जवळ येऊ पाहत होतं, त्याला जवळ घ्यायचं. आणि कधी वाटतं, ज्याच्या हातात दुसऱ्याचं जेवण आहे त्यानं हात आवरलाच पाहिजे. दोन्ही खरं वाटतं आणि मग मी उठून दुसऱ्या कामाला लागते.

पांढऱ्या फ्रॉकची गोष्ट मात्र गल्लीत पसरली होती. गल्लीतून विहारात आणि तिथून कुणाच्या तरी पाहुण्याबरोबर थेट भंडाऱ्याकडच्या त्या गावापर्यंत गेली. इतके दिवस ज्याचा पत्ता नव्हता तो मामा एका दुपारी वस्तीतल्या दोन माणसांना घेऊन आमच्या ओट्यावर उभा राहिला. उंच, काळासावळा, खांद्यावर दुपट्टा, डोळे लाल. बाबांची सुटी होती. मामा उभ्यानंच म्हणाला, ‘भाचीले किरिस्ताव करून राहिले म्हणते तुम्ही.’

बाबांनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. आईला पाणी आणायला सांगितलं. त्यानं पाणी घेतलं नाही. बरोबर आलेली दोन माणसं बाबांना ओळखत होती, ती मान खाली घालून उभी राहिली. मला वाटलं, आता बाबा सांगतील, फादर आले होते ते, आणि आपण काय म्हणालो ते. पण बाबा काहीच बोलले नाहीत. तेवढ्यात वैशाली आतून आली आणि मामासमोर उभी राहिली. म्हणाली, ‘मीच म्हटलं होतं. काकांनीच नाही म्हटलं.’

मामाचा चेहरा मला अजून दिसतो. भांडायला म्हणून आलेला माणूस, आणि भांडणच हातातून निसटलेलं. तो ओट्याच्या कडेला बसला, पाणी प्यायला, आणि बाबांना म्हणाला, ‘काहून नाही म्हटलं, भाऊ?’

‘ते माह्यं नव्हतं,’ बाबा म्हणाले. ‘दुसऱ्याच्या घरचं होतं.’

हे ऐकल्यावर मामा जणू जागा झाला. म्हणाला, घर आमचं आहे तर पोरगी आम्ही नेतो. इतके दिवस चुकलो, आता नाही चुकणार. आईनं तोंडाला पदर लावला. बाबांनी वैशालीला जवळ बोलावलं आणि विचारलं, ‘तुले जायचं आहे?’

वैशालीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘हो,’ म्हणाली.

मी बाबांकडे पाहत होते. मला वाटलं, आता ते म्हणतील की हिचं हो खरं नाही, ही रागावली आहे. फादरांना जे सांगितलं तेच आता मामाला सांगतील. पण त्यांनी हे हो लगेच मान्य केलं. ते आत गेले, माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली आणि फडक्यानं पुसली. मूर्ती त्यांनी स्वतः साडीच्या तुकड्यात गुंडाळली. आईनं कपडे भरले आणि सगळ्यात वर तो दुसरा पांढरा फ्रॉक ठेवला. बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, ‘पांढराच तर हाये. दसऱ्याले घालन.’ मामानं बाबांना हात जोडले. बाबा त्यांना बसस्टँडपर्यंत पोचवायला गेले. मी ओट्यावर बसून राहिले. मला रडायचं होतं, पण कुणावर रागावून रडायचं ते समजेना.

माझा ख्रिस्तप्रसाद झाला. फोटो काढला. घरी करंज्या झाल्या, चर्चमधली माणसं जेवून गेली आणि जाताना आईच्या कानात म्हणाली, पोरगी आपल्या घरी गेली, झालं ते बरं झालं. पण त्याच्या पुढच्या रविवारी जे झालं त्यानं माझा गोंधळ आणखी वाढला. मिस्सेहून घरी आल्यावर बाबांनी कपडे बदलले नाहीत. नेहमीसारखी सायकल काढली आणि विहाराकडे निघाले. मी मागं धावत गेले. म्हटलं, बाबा, वैशाली तर नाही. ते थांबले, एक पाय जमिनीवर टेकून. ‘माहीत आहे,’ म्हणाले. मग मला दांडीवर बसवलं. विहारात ते त्याच मागच्या सतरंजीवर बसले. कुणी त्यांना काही विचारलं नाही, शेजारच्या म्हाताऱ्यानं फक्त सरकून जागा दिली. सगळे म्हणत होते ते बाबाही ओठांतल्या ओठांत म्हणत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या दिवशी ते नेमके कोणासाठी रडले, कोणापाशी काय मागितलं, मी त्यांना कधीच विचारलं नाही. ते दर रविवारी जात राहिले. चर्चमध्ये काही लोक कुजबुजले. फादरांनी मनावर घेतलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मामा पुन्हा आला. या वेळी एकटा, डोक्यावर तांदळाचं पोतं, हातात लाखोळीच्या डाळीची पिशवी, आणि मागं वैशाली, चांगलीच उंच झालेली. त्यांच्या गावात पुढची शाळा नव्हती, आणि पोरगी घरात कुणाशी बोलत नव्हती. मामा ओट्यावर बसून दुपट्ट्यानं घाम पुसत म्हणाला, भाऊ, घर आमचंच आहे, पण शाळा तुमच्याकडे आहे. बाबा हसले. इतक्या दिवसांनी मी त्यांना हसताना पाहत होते. वैशाली सरळ आत गेली आणि मूर्ती जुन्या कोपऱ्यात ठेवली. त्यानंतर ती तिच्या लग्नापर्यंत आमच्याकडेच राहिली. मामा दर सुगीला तांदूळ घेऊन यायचा आणि दोन दिवस राहून बाबांशी शेतीच्या गप्पा मारायचा, ज्यातलं बाबांना काही समजत नसे.

बाप्तिस्म्याचा विषय घरात पुन्हा निघाला तो खूप वर्षांनी. वैशालीला एका शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. रविवार होता, ती विहारात जाऊन आली आणि नेहमीसारखी आमच्याबरोबर जेवायला बसली होती. बाबांनी मटण केलं होतं. त्यांचे केस पांढरे झाले होते, कारखाना सुटला होता, तरी ओट्यावरची माणसं सुटली नव्हती. जेवता जेवता ते एकदम म्हणाले, ‘वैशाली, आता तू कमावते. माह्या जिवावर खात नाही. तवा जे मागितलं होतं, ते अजून पाहिजे का तुले? आता तुह्या हो ले मी हो समजन.’

आईचा हात वाढता वाढता थांबला. वैशालीनं पोळीचा तुकडा ताटात ठेवला.

‘नाही काका,’ ती म्हणाली. ‘तवा बी नव्हता पाहिजे. मले बाप्तिस्मा काय असते ते कुठं माहीत होतं? मले तुमची पोरगी व्हाचं होतं. मले वाटलं, तसंच होते.’

इतकी वर्षं ज्या प्रश्नाशी बाबा झगडत होते तो प्रश्न पोरीनं विचारलाच नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलेलं मी पाहिलं. त्यांचा आवाज अगदी खाली आला.

‘मंग तसं सांगाचं न, वं,’ ते म्हणाले. ‘त्याले कोण नाही म्हणत होतं?’

वैशाली हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. बाबांनी मान खाली घालून ताटातला भात कालवला. मग ताट तसंच पुढं सरकवून त्यांनी आईकडे अजून भात मागितला. असलेला भात संपलेला नव्हता, पण आईनं वाढला.